टेल्फरची सातवी आवृत्ती

पुस्तक कुणाचं, असं विचारलं तर आमच्या प्राणिशास्त्राच्या डिपार्टमेंटात कुणीही "टेल्फरचं" असंच सांगेल. मुखपृष्ठावर नावं दोन आहेत, टेल्फर आणि केर्न्स. पण दुसरं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. पोरं एकमेकांना विचारतात, टेल्फर आणलास का, टेल्फर वाचून झाला का. आणि गंमत बघा, खुद्द टेल्फरनी गेल्या पंचवीसेक वर्षांत त्या पुस्तकात एक ओळ लिहिलेली नाही. सगळं लिहिते ती लॉर्ना केर्न्स. आकृत्या ती बदलते, धड्याखालचे प्रश्न ती घालते, मागची सूची ती करते, आणि प्रुफं वाचता वाचता चष्म्याचा नंबर वाढतो तोही तिचाच.

हे घोंगडं तिच्या गळ्यात पडलं कसं, ते सांगायला हवं. लॉर्ना तेव्हा तिशीच्या आतली होती. नुकतीच डॉक्टरेट झालेली, नोकरी वर्षावर्षाच्या कंत्राटावर. प्रोफेसर आर्ची टेल्फर, म्हणजे सगळ्यांचे 'प्रोफ', साठीला टेकले होते. त्यांनी तिला खोलीत बोलावलं, स्वतः चहा करून दिला आणि म्हणाले, नव्या आवृत्तीत तुझंही नाव घालू या, थोडीशी डागडुजी तेवढी आहे. पोरगी हरखून गेली. प्रकाशकाच्या करारावर तिने न वाचताच सही ठोकली, आणि त्या नावाच्या जोरावर पुढे तिची नोकरी कायम झाली. करार वाचला असता तर कळलं असतं, की प्रकाशक मागेल तेव्हा नवी आवृत्ती द्यायची. आणि सोडायचं झालं तर प्रकाशकाला पसंत पडेल असा दुसरा लेखक आणून उभा करायचा. नाहीतर पुस्तक बाजारातून उठेपर्यंत सुटका नाही. आता टेल्फर कसला बाजारातून उठतोय! शाळेच्या शेवटच्या वर्षाला तेच, युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला तेच. इथल्या डॉक्टरांपासून मासेमारी खात्यातल्या साहेबांपर्यंत सगळे त्याच पुस्तकावर घासून आलेले.

बरं, दुसरा लेखक आणायचा तरी कुठून? दर काही वर्षांनी सरकारी समिती येऊन प्रत्येकाचं संशोधन मोजते. त्यात पेपर धरतात, पाठ्यपुस्तक धरत नाहीत. नव्या लेक्चररांपैकी कुणाला लॉर्नाने विषय काढून विचारलं की त्याला नेमकी तेव्हाच मीटिंग आठवायची. बढतीच्या वेळी विभागप्रमुख तिला म्हणाले, तुझं पुस्तक म्हणजे डिपार्टमेंटची शान, पण पेपर कुठे आहेत? शान म्हणे. त्या शानीपायीच तर पेपर झाले नव्हते.

म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. एक होता, समुद्रफुलांवरचा. द्वीपकल्पाच्या टोकाला, भरपूर ओहोटी असेल तेव्हाच उघड्या पडणाऱ्या खडकांवर, अंगठ्याच्या नखाएवढी समुद्रफुलं असतात, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. त्यांच्या अंगाभोवती त्यांची पिल्लं कडेवर घेतल्यासारखी चिकटलेली दिसतात. त्या पेपरात लॉर्नाने तरुणपणी विचारलं होतं, की ही पिल्लं त्या आईचीच कशावरून? शेजारणीचीही असू शकतील. तेव्हा ते कळायला मार्ग नव्हता. आता तळमजल्यावरच्या डीएनए लॅबमध्ये एका हंगामात उत्तर मिळालं असतं. पण संशोधनासाठी भरपगारी रजा मिळावी आणि नेमकी तेव्हाच टेल्फरची नवी आवृत्ती निघावी, हे तिच्या पाचवीलाच पुजलेलं. दोन रजा तशाच गेल्या. आता तिसरी मंजूर झाली होती, जुलैपासून वर्षअखेरपर्यंत. लॉर्ना छप्पन्न वर्षांची झालेली, उजवा गुडघा आत्ताच कुरकुरायला लागलेला. शेवाळलेल्या खडकांवर उतरायचं तर यंदाच. ही रजा हुकली की समुद्रफुलं संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि मार्चमध्ये ऑकलंडहून ट्रूडीची ईमेल आली. ट्रूडी व्हिटेकर ही प्रकाशकाकडची संपादक. गोड बोलून काम काढून घ्यावं तर तिनेच. सातवी आवृत्ती डिसेंबरात हवी, असं तिने खाली तीन हसरे चेहरे टाकून लिहिलं होतं. लॉर्नाने ती ईमेल वाचली, बंद केली आणि पहिल्या वर्षाच्या पोरांचं प्रॅक्टिकल घ्यायला गेली.

प्रॅक्टिकल नेहमीचंच, नवव्या प्रकरणावरचं. खाडीच्या चिखलात गोगलगाई असतात. वरच्या अंगाला लहान, खाली गवताळ चिखलात मोठ्या. लहानीला नाव जुनं. मोठी ही वेगळी जात आहे, असं प्रोफनी लग्न झालं त्याच वर्षी जाहीर केलं आणि बायकोचं नाव तिला दिलं. तेव्हापासून ती 'एल्स्पेथची गोगलगाय'. पुढे लॉर्नाने डॉक्टरेटसाठी हजारो शंख मोजले आणि आलेख काढून दाखवला, की दोन जातींनी किनारा कसा गुण्यागोविंदाने वाटून घेतला आहे. तो आलेख म्हणजे टेल्फरचं नाक. दरवर्षी परीक्षेत त्यावर प्रश्न असतो आणि दरवर्षी पोरं तो घोकून येतात.

मोजायची रीत प्रोफनी घालून दिलेली. जिवंत गोगलगायीवर किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं, टाचणीने मांस ओढून बादलीत टाकायचं आणि रिकामा शंख मोजायचा. शंख स्वच्छ राहतो, वास येत नाही, कपाटात वर्षानुवर्षं टिकतो. सगळे असंच करत आले. पण त्या दिवशी बाहेर खोदकाम चाललं होतं, कुणीतरी वीज तोडून ठेवली. किटली बंद. पोरं खोळंबली. लॉर्ना वैतागून म्हणाली, घ्या पकडी आणि फोडा कच्चेच, आतलं काढून नीट बघा तरी.

लहान शंख फोडले, आत गोगलगाई. मोठे फोडले, तर आत नारिंगी रंगाचा लगदा. एका पोरीने नाक दाबून विचारलं, की यांची अंडी कुठायत? लॉर्नाने भिंग घेतलं. अंडी नव्हती. अंडाशयच नव्हतं. त्या जागी बारीक बारीक पिशव्या होत्या आणि पिशव्यांमध्ये काहीतरी वळवळत होतं. तिने दुसरी फोडली, तिसरी फोडली, टेबलावरच्या सगळ्या मोठ्या गोगलगाई फोडल्या. मग तिने मारामाला बोलावलं.

मारामा तैपाना ही वरच्या मजल्यावरची कृमींची तज्ज्ञ. तिशी ओलांडलेली, हुशार, तोंडाने फटकळ, आणि तीही कंत्राटावरच. तिने भिंगातून पाहिलं आणि आधी खो खो हसली.

"लॉर्ना, तुझी ही बया अंडी घालणार कुठून? हिच्या पोटात दुसऱ्याचाच संसार आहे."

मग तिचं हसू थांबलं. पोरं निघून गेली तरी दोघी तिथेच बसून राहिल्या. मारामाने समजावलं ते असं. पक्ष्यांच्या विष्ठेतून हा कृमी गोगलगायीत शिरतो. शिरला की पहिल्यांदा तिची अंडी बंद पाडतो. अंड्यांवर खर्च व्हायचं ते अन्न अंगी लागतं आणि गोगलगाय फुगत जाते. मग तिला खाली उतरवतो, कारण कृमीच्या पिल्लांना पुढे ज्या माशांत शिरायचं असतं ते खालच्या चिखलात असतात. म्हणजे मोठी जात वगैरे काही नाही. लहानच, पण आजारी. कितीही जगली तरी स्वतःचं एक पिल्लू नाही, अंगाने मात्र पैलवान.

"आपल्या ओळखीतलं कुणी आठवतंय का गं?" मारामाने डोळा मिचकावून विचारलं. लॉर्ना हसली, पण ते तिला लागलं.

मे महिन्यापर्यंत तळमजल्यावरच्या लॅबचा निकाल हातात आला. लहान आणि मोठी, दोन्ही एकच जात. म्हणजे प्रोफची जात गेली, लॉर्नाचा आलेख गेला, नववं प्रकरण मुळासकट गेलं. इतकी वर्षं आख्ख्या देशाने एका रोगाला जात समजून परीक्षा दिल्या. दुसरी कुणी असती तर तिच्या तोंडचं पाणी पळालं असतं. लॉर्ना घरी गेली, स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिला चक्क आनंद झाला. पुस्तकाचं नाकच कापलं गेलं होतं. असलं पुस्तक कोण चालवणार? ट्रूडीला सांगायचं, माझं काम चुकीचं निघालं, बाजारातून उठवा, मला मोकळी करा. जुलैत खडकांवर. तिने माळ्यावरून जुने गमबूट काढून धुवून ठेवले.

पण आधी प्रोफना सांगायला हवं होतं. प्रोफ आता सत्त्याऐंशीचे, वृद्धाश्रमात राहत. एल्स्पेथ जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. लॉर्ना दर रविवारी त्यांच्याकडे जायची, बरोबर चीज रोल घेऊन. तव्यावर कुरकुरीत केलेले, वरून लोण्याने निथळणारे. डॉक्टरांनी त्यांना ते बंद केले होते, म्हणून ती रुमालात लपवून न्यायची. त्या रविवारी त्यांचे दोन रोल खाऊन होईपर्यंत ती थांबली. मग सगळं सांगितलं, पकडीपासून लॅबपर्यंत. आवाज न चढवता, काही न वगळता.

हाताला लागलेलं लोणी प्रोफनी रुमालाला पुसलं.

"नारिंगी लगदा निघायचा खरा," ते म्हणाले. "टाचणीला चिकटायचा. मला वाटायचं, अंडी असतील. कधी बघितलं नाही गं."

"मीही बघितलं नाही, प्रोफ. हजारो उकळल्या मी."

"मीच सांगितलं होतं ना उकळायला." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे एल्स्पेथचं नाव जाणार?"

"हो. जुनं नाव राहील."

ते हसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एल्स्पेथला हे नाव कधीच आवडलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. लग्नाची भेट म्हणून चिखलातली गोगलगाय देतोस होय रे, असं म्हणून ती आठवडाभर बोलली नव्हती. मग त्यांनी लॉर्नाचा हात धरला आणि म्हणाले, छापून टाक, माझ्या मरणाची वाट बघू नकोस. लॉर्नाला इतकं हलकं वाटलं, की तिने तिथेच, पहिल्यांदाच, पुस्तक सोडणार असल्याचं सांगून टाकलं. प्रोफनी मान हलवली. तिला थांब म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला राग तरी आला असता.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रूडीला स्क्रीनवर गाठलं. चूक काय ते सांगितलं, मारामाने ती कशी ओळखली ते सांगितलं, चूक आपलीच हेही सांगितलं, पुस्तक उठवा म्हणाली. लॉर्नाला वाटलं, हिला धक्का बसेल. धक्का कसला बसतोय! बाई खुर्चीतून पुढे सरकली आणि तिचे डोळे लकाकले.

"लॉर्ना, अगं हे तर सोनं आहे. स्वतःची चूक स्वतः शोधून काढणारी लेखिका, असलं पाठ्यपुस्तक आहे कुणाकडे? नववं प्रकरण पहिलं करू. मुखपृष्ठावर ती गोगलगाय घालू, फोडलेली."

लॉर्नाने समजावून पाहिलं. आपल्याला जमणार नाही, रजा आहे, वय झालं, इच्छा नाही. ट्रूडीने सगळं मन लावून ऐकून घेतलं, आणि मग इतक्या सहज म्हणाली की लॉर्नाला आधी कळलंच नाही.

"मग सोड ना. ती तुझी मारामा आहे की. तरुण आहे, माओरी आहे, बोलते झकास. तिची सही येऊ दे, त्याच दिवशी तू मोकळी. लगेच लिहू का तिला?"

"मी बोलते तिच्याशी," लॉर्ना म्हणाली. "उद्या सांगते."

इतक्या वर्षांत हा दरवाजा पहिल्यांदा उघडला होता. नुसतं बाहेर पाऊल टाकायचं होतं. लॉर्ना तिसऱ्या मजल्यावर गेली. मारामा तिच्या टेबलाशी नव्हती. टेबलावर कृमींच्या काचपट्ट्या मांडलेल्या, भिंतीवर तिच्या पुढच्या कामाचा आराखडा चिकटवलेला. खेकड्यांचे कृमी, माशांचे कृमी, पक्ष्यांचे. तीन पेपर अर्धे झालेले, त्यातला एक तर असा, की जगभरातली माणसं वाचतील. लॉर्ना तो आराखडा उभ्याने वाचत राहिली. सातवी आवृत्ती म्हणजे हे वर्ष गेलं. मग आठवीची तयारी, मग नव्या अभ्यासक्रमाची पुरवणी, मग शिक्षकांसाठीची उत्तरं. त्या भिंतीवरच्या कागदांतला कुठला कागद त्यातून वाचेल? तिने मोजून पाहिलं आणि एकही वाचेना. स्वतःच्या भिंतीवर एकेकाळी काय होतं, ते तिला आता नीटसं आठवतही नव्हतं.

मारामा चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, काय गं, भिंतीला पाहून रडतेयस की काय. लॉर्ना म्हणाली, काही नाही, सहज आले होते. आणि खाली निघून आली. रात्रभर तिचा स्वतःवरच जळफळाट झाला. धुतलेले गमबूट दारात उभे होते, त्यांच्याकडे तिने बघितलं नाही. सकाळी तिने ट्रूडीला कळवलं, की मारामाला जमणार नाही, सातवी आवृत्ती मी करते, एकटी करते. ट्रूडीने पाच हसरे चेहरे पाठवले आणि पाठोपाठ करार. या वेळी लॉर्नाने तो शेवटपर्यंत वाचला. मग सही केली.

गोष्ट इथे मिटली असती. पण ट्रूडी पडली शिष्टाचाराची. तिने मारामाला लिहिलं, की तुम्हाला जमणार नाही हे लॉर्नाकडून कळलं, फार वाईट वाटलं, पुढेमागे जरूर विचार करा. दुपारी मारामा लॉर्नाच्या खोलीत आली ती दार न वाजवता.

"मला जमणार नाही, असं ट्रूडीला कुणी सांगितलं?"

"मी."

"का?"

लॉर्नाने तिला बस म्हटलं, ती बसली नाही. लॉर्नाने कपाटाकडे बोट दाखवलं, तिथे सहा आवृत्त्या ओळीने उभ्या होत्या. त्यात माझे पेपर शोधून दाखव, असं ती म्हणाली. गोगलगायीचा पेपर तू एकटीच्या नावावर पाठव, माझं नाव काढून टाक. तो मोठा होईल, त्यावर तुला कुठेही नोकरी मिळेल. पुस्तक मात्र तुझ्या मानेवर नको. मारामाने सगळं ऐकलं. तिचा आवाज एरवीसारखा मोठा नव्हता.

"माझं कंत्राट नोव्हेंबरात संपतंय, लॉर्ना. तू म्हणतेस तो पेपर छापून यायला वर्ष जाईल. त्या मुखपृष्ठावर माझं नाव आलं असतं ना, तर प्रमुखांनी मला याच वर्षी कायम केलं असतं. माझी आई सगळ्यांना दाखवत फिरली असती. शोध मी लावायचा, आणि नाव पुन्हा तुमचं दोघांचं."

"मी कायम झाले ती अशीच."

"ते तुझं झालं. मी म्हणजे तू नाही."

"मारामा, मी तुला वाचवायला..."

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं," मारामा म्हणाली. "आणि मग माझं मी बघितलं असतं."

ती गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. लॉर्नाने विभागप्रमुखांना दोन ओळी लिहिल्या, की रजेची आता गरज नाही. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, की डिपार्टमेंटला तुझा अभिमान आहे. मग तिने नववं प्रकरण उघडलं आणि आपलाच आलेख खोडायला घेतला. मारामाचं म्हणणं बरोबर होतं, हे तिला पुरतं पटलं होतं. ट्रूडीला फोन करून मारामाचं नाव सांगायला अजूनही वेळ गेली नव्हती. पण भिंतीवरचे ते कागद तिच्या डोळ्यांपुढून हलेनात, आणि तिने तो केला नाही.